डिपोटीसाहेबांच्या गुडघ्यातलं तेल

लढाईच्या वर्षांत मी मिरजेच्या एका दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत कामाला होते. मॅट्रिक झाल्यावर दीड वर्ष तिथेच शिकले आणि तिथेच चिकटले. घर सांगलीला. सकाळच्या गाडीने मिरजेला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. काम असं, की घरी गेल्यावर कुणी 'आज काय केलंस' विचारलं तर विषय बदलावा. रक्त, लघवी, थुंकी आणि आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी कुणाच्या तरी सुजलेल्या गुडघ्यातून सुईने काढलेलं पाणी.

वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. मुलगी लोकांची थुंकी तपासते हे चारचौघांत कसं सांगायचं, हा त्यांना पेच होता. तो त्यांनी एका वाक्यात सोडवला. कुणीही विचारलं की म्हणायचे, "मिरजेला असते. पाणी तपासते." त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याचा परिणाम असा झाला की आळीतल्या बायका आपापल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन रविवारी सकाळी आमच्या दारात. मी तांब्यात डोकावायची, थोडा वेळ गंभीर चेहरा करायची आणि "चांगलं आहे" म्हणायची. मग ते पाणी आमच्याच तुळशीला घालून त्या समाधानाने घरी जायच्या.

आईचा राग मात्र खरा होता, आणि त्याला कारण गुडघ्याचं पाणी. निरोगी सांध्यातलं पाणी अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं चिकट असतं. सुईच्या टोकाशी थेंब धरला की तो टपकन पडत नाही, दोन बोटं लांब तार धरतो. सांधा बिघडला की तार तुटते. ही आमची पहिली तपासणी. दिवाळीत आई लाडवांचा पाक करत होती आणि बोटांत धरून पुन्हा पुन्हा बघत होती. मी सहज म्हटलं, "आई, उतरव आता. एकतारी झाला. आमच्याकडे गुडघ्यातल्या पाण्याची अगदी अशीच तार येते."

आईने पातेलं उतरवलं, अंगणात नेलं आणि पालथं केलं. त्या दिवाळीला लाडू शेजारून आले.

असो. सांगायचं आहे ते एका पेशंटबद्दल. साताऱ्याहून आलेले, शाळाखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्या काळी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना लोक डिपोटी म्हणायचे. हे आयुष्यभर डिपोटी होते आणि दवाखान्याच्या खाटेवरही डिपोटीच होते. पडल्या पडल्या डोक्यावर काळी टोपी, गळ्यात उपरणं, उशाशी घड्याळ. उजवा गुडघा भोपळ्याएवढा.

आमचे डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "पडला होतात का? मार लागला का कुठे?"

"छे. वाताचा विकार. पूजेला बसताना मांडी घातली, तेव्हापासून सूज आहे."

डॉक्टरांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं आणि पिचकारी स्वतःच माझ्याकडे आणून दिली. पाणी कसलं, काळपट लाल रक्तच ते. मी ते काचनळीत भरलं, नळी भोकांच्या लाकडी घोडीत उभी केली, पेशी मोजायला थोडं बाजूला काढलं, जंतू बघायला काचेवर एक थेंब पसरला, आणि तो वाळेपर्यंत व्हरांड्यात जाऊन डबा खाल्ला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर तेल. हा डबा पुढे महत्त्वाचा ठरला.

परत येऊन बघते तर नळीतल्या रक्तावर पिवळे चकचकीत थेंब तरंगताहेत. आमटीवर तवंग येतो ना, तसेच.

पहिला विचार हाच, की मी चटणीच्या हाताने नळीला हात लावला. पण नळी मी डब्याआधी भरली होती. मग नळीच धुतलेली नव्हती की काय? आमच्या खोलीत एक शिपाई होता, तासगावकडचा, पलटणीतून सुटून आलेला. भांडी, नळ्या, बाटल्या तोच उकळायचा. मी त्याला बोलावून नळी दाखवली.

"नळी धुतली होतीत का नीट?"

"आवं बाई, पलटणीत जरनेलाचा चष्मा पुसलाय म्या. माज्या नळीत त्याल न्हाई ऱ्हायचं." त्याने नळी उजेडात धरली आणि बराच वेळ निरखली. "ह्ये तर एरंडेल दिसतंय. त्येंच्या मालकीणबाईनी लय चोळलंय म्हनं गुडघ्याला. मुरलं आसंल आत."

मला ते इतकं पटलं की मी ते डॉक्टरांना जाऊन सांगितलं. आजही आठवलं की कान तापतात.

डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. "डबा कुठे खाल्लास?" आणि "हात धुतलेस?" मग नवी नळी घेतली, माझ्यादेखत उकळली आणि वॉर्डात जाऊन पुन्हा थोडं पाणी काढून आणलं. डिपोटीसाहेबांना दुसऱ्यांदा सुई टोचली ती केवळ माझ्या शेंगदाण्याच्या चटणीमुळे, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. नळी घोडीत ठेवली आणि आम्ही तिघं तिच्यासमोर उभे राहिलो. थोड्या वेळाने तेच थेंब वर आले.

"एरंडेल!" शिपाई हळूच म्हणाला.

"हाडातली चरबी आहे ही," डॉक्टर म्हणाले. "हाडाच्या आत असते. हाड तडकलं तरच बाहेर पडते आणि सांध्यातल्या रक्तावर अशी तरंगते."

"पण ते तर पडलोच नाही म्हणतात."

"ते म्हणतात. गुडघा तसं म्हणत नाही." त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "लढाईमुळे एक्स-रेच्या फोटोची फिल्म जपून वापरावी लागते. कुठल्या बाजूने मार बसला ते कळलं तर एकाच फोटोत काम होईल. तू जाऊन विचार. मी समोर गेलो की ते इन्स्पेक्शनला बसतात."

मी नळी घेऊन वॉर्डात गेले. शिपाई कारण नसताना मागोमाग आला. डिपोटीसाहेबांनी मला चष्म्यावरून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपण कोण?"

"मी तपासणीच्या खोलीत असते."

"शिक्षण?"

"मॅट्रिक."

"गणितात किती मार्क?"

मी सांगितले. ते "हं" म्हणाले. त्या 'हं'वरून मी पास की नापास ते काही कळलं नाही. मी खिडकीच्या उजेडात नळी धरली.

"हे बघा, वर पिवळं तरंगतंय ते."

"काय आहे?"

"तेल म्हणा."

"कुणाचं?"

"तुमचं."

ते बराच वेळ बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नीट धरा. सांडेल."

"हे हाडातून येतं. हाडाला तडा गेल्याशिवाय येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही कुठे पडला होतात का?"

"शक्य आहे की हे एरंडेल असावं. आमच्या घरातून बरंच चोळण्यात आलं, वर कोंड्याचा शेकही."

"म्या बी त्येच म्हनलं!" मागून शिपाई ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाचं आणि त्याचं मत जुळलं होतं.

मी शिपायाला गरम पाणी आणायला पाठवलं. तो गेल्यावर साहेबांनी उपरणं सारखं केलं, टोपी सारखी केली आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "दार लोटून घ्या."

वॉर्डाला दार नव्हतं. मी स्टूल ओढून जवळ बसले.

मग त्यांनी सांगितलं. लढाई लागल्यापासून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढावर बंद पडायच्या. कुठे जायचं म्हटलं तर दिवस मोडायचा. तेव्हा साहेबांच्या मनात सायकल शिकायचं आलं. वय छप्पन्न. लहानपणी राहून गेलं होतं. पण साताऱ्यात दर दहा माणसांतला एक तरी त्यांच्या हाताखालचा शिक्षक किंवा त्यांनी परीक्षा घेतलेला विद्यार्थी. उघड्यावर शिकणार कसं? त्यांनी आळीच्या पोस्टमनला विश्वासात घेतलं. पोस्टमन कामावर जायच्या आधी पहाटे आपली सायकल घेऊन यायचा आणि मैदानात मागून धरायचा. घरी साहेबांनी सांगितलं होतं, फिरायला जातो.

"तीन दिवस प्रगती समाधानकारक होती," ते म्हणाले. "चौथ्या दिवशी मी उताराचा रस्ता घेतला. तोल उत्तम होता. वेगही बरा होता. तेवढ्यात समोरून एक हेडमास्तर आले. माझ्याच हाताखाली त्यांची नेमणूक झालेली. त्यांनी 'नमस्कार साहेब' म्हणून हात जोडले."

"मग?"

"मग मीही जोडले."

"दोन्ही?"

"एका हाताने नमस्कार करण्याची मला सवय नाही."

मी ओठ दाताखाली धरले. ते पुढे म्हणाले, "कडेला दगडी हौद आहे. सायकल पुढे गेली. मी हौदापाशी थांबलो."

"कुठली बाजू लागली हौदाला?"

"बाहेरची." त्यांनी बोटाने जागा दाखवली. "हेडमास्तरांनी उचललं. मी त्यांना पाण्याची पातळी बघत होतो असं सांगितलं."

मला हसू आवरेना म्हणून मी खाली मान घालून कागदावर लिहायला लागले. त्यांना काळजी वाटली.

"आपण काय लिहिता आहात?"

"सायकलवरून पडले."

"'वाहनावरून पतन' असं लिहा."

"कुठलं वाहन?"

"त्याची आवश्यकता नाही." मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरात हे कळता कामा नये. तिने मला आधीच बजावलं होतं, आता या वयात नवीन काही शिकू नका म्हणून. वचन द्या."

मी म्हटलं, "आमच्या खोलीतली गोष्ट बाहेर जात नाही." आणि ते खरंही होतं. शिपायालासुद्धा मी शेवटपर्यंत एरंडेलावरच ठेवलं.

फोटोत हाडाच्या बाहेरच्या कडेला उभा तडा निघाला, बरोबर त्यांनी दाखवलेल्या जागी. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि साहेब साताऱ्याला गेले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी वडील घरी आले ते खुशीत. साताऱ्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा ओव्हरसियर, एकुलता एक. वडील शाळाखात्यातून निवृत्त. आडनाव ऐकलं आणि माझ्या हातातली वाटी पडली. आईला वाटलं मी लाजले.

मला काही सांगताही येईना. आमच्या खोलीतली गोष्ट बाहेर जात नाही, असं मीच म्हटलं होतं. एकच आशा होती, की प्लास्टरमुळे ते स्वतः येणार नाहीत.

ते आले. प्लास्टर दाखवायला मिरजेला जायचंच होतं, म्हणून वाटेत मुलगी बघून घ्यायचं ठरलं होतं. टांग्यातून त्यांचा पाय तोफेसारखा बाहेर आलेला, आणि रस्त्यातले लोक वाकून वाकून बाजूला होत होते, असं वडिलांनी नंतर सांगितलं. आमच्याकडे त्यांना खुर्ची दिली, समोर स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर उशी आणि उशीवर तो पांढरा पाय. बघायला मी होते, पण खोलीत शिरणारा प्रत्येकजण आधी पायाकडे बघत होता.

मी पोहे घेऊन बाहेर आले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा प्लास्टरच्या रंगाचा झाला.

त्यांच्या पत्नी ठेंगण्या, गोऱ्या, शांत. त्या मला म्हणाल्या, "बस हो. यांच्या पायाकडे बघून घाबरू नकोस. वात आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी विलायती लेप दिलाय. आपला निर्गुडीचा लेप संध्याकाळपर्यंत गळून पडतो, हा बाई महिना झाला तरी हलत नाही. गुण आहे मात्र."

मी "हो का" म्हटलं. साहेब पोह्यातली मिरची शोधत होते.

"तू पाणी तपासतेस ना? नदीचं का विहिरीचं?"

वडिलांना ठसका लागला. आईने पदर तोंडाला लावला. खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"गुडघ्याचं," मी म्हटलं.

परसातली म्हैस रवंथ करताना ऐकू आली. मग साहेबांनी बशी खाली ठेवली आणि जुन्या डिपोटीच्या आवाजात विचारलं, "दवाखान्यात जे दिसतं ते आपण बाहेर सांगता?"

"नाही."

"घरच्यांनी विचारलं तर?"

"नाही."

"अगदी आग्रहाने विचारलं तर?"

"तरीही नाही."

"मुलगी पसंत आहे," साहेब म्हणाले.

त्यांच्या पत्नी थक्क झाल्या. "अहो, त्याला तरी बोलू द्या!"

मुलगा कोपऱ्यात बसला होता. आतापर्यंत त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. तो म्हणाला, "मला एकच विचारायचंय. माझ्या वडिलांना खरंच संधिवात आहे?"

"ते डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं.

तो मोठ्याने हसला. त्या हसण्यावर मी होकार दिला, असं आता म्हणायला हरकत नाही.

लग्न झालं, मी साताऱ्याला आले. घरात साहेबांना मी मामंजी म्हणायला लागले आणि ते माझ्याशी फार अदबीने वागायला लागले. आमटीत मीठ जास्त झालं तरी "छान झालीय" म्हणायचे. सासूबाईंना याचं नवल वाटत असेल असं मला वाटायचं. एक दिवस स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. त्या गव्हाचा कोंडा चाळत होत्या. अचानक म्हणाल्या, "सायकल बरी फळली तुला."

माझ्या हातातला पळा तसाच राहिला.

"कुठली सायकल?"

"अगं, त्या दिवशी हे लंगडत घरात शिरले आणि अर्ध्या तासाने पोस्टमन मागच्या दारी आला. रडायचा बाकी होता बिचारा. हँडल वाकलेलं दाखवलं, आणि म्हणाला, साहेबांना सांगू नका मी आलो होतो म्हणून. मी म्हटलं, नाही सांगत."

"मग तुम्ही एरंडेल चोळलंत ते? आणि शेक?"

"तर काय! कोंड्याची पुरचुंडी रोज थोडी जास्त गरम करायची. म्हटलं, आज तरी खरं बोलतील. पाच दिवस गेले. दात-ओठ खात पडून राहायचे, पण शब्द काढला नाही. शेवटी मलाच भीती वाटली, म्हणून मिरजेला धाडलं."

आणि मलाही बजावलं, मला माहीत आहे हे यांना सांगायचं नाही. म्हणजे आता माझ्याकडे एक मामंजींचं आणि एक सासूबाईंचं, अशी दोन गुपितं झाली. नवऱ्याला सगळा अंदाज होता, तो रोज मला खोदून विचारायचा. मी रोज म्हणायची, डॉक्टरांना विचारा.

असं दोन वर्षं चाललं. मग साताऱ्यातच एका डॉक्टरांकडे मला तपासणीचं काम मिळालं. दवाखाना घरापासून लांब होता. नवरा जेवताना म्हणाला, "हिला सायकल घेऊन द्यावी म्हणतो."

मामंजींचा घास हातात राहिला. "मुळीच नको. फार धोक्याचं वाहन आहे ते."

"तुम्हाला काय माहीत?" सासूबाईंनी विचारलं. पोळी लाटता लाटता, अगदी सहज.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. मैदान, पोस्टमन, उतार, हेडमास्तर, हौद, नळीतलं तेल, काही ठेवलं नाही.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "खरंच?"

त्यांनी तो चेहरा फार तर पाच श्वास टिकवला. मग लाटणं खाली ठेवलं आणि इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. नवरा हसला, आणि दोन वर्षांचं साठलेलं हसू मीही मोकळं केलं. मामंजींना कळलं की इथे कुणालाच धक्का बसलेला नाही. "सर्वांना माहीत होतं तर एरंडेल कशाला चोळलंत?" एवढंच विचारून ते ताटावरून उठले आणि त्या दिवशी ताक घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात घंटी वाजली. मामंजी पोस्टमनची सायकल धरून उभे होते. डोक्यावर टोपी, धोतराचा सोगा वर खोचलेला. "चला," म्हणाले, "मागून मी धरतो. मैदानातच शिकायचं. उताराकडे बघायचंसुद्धा नाही."

मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला. ते सीट धरून माझ्यामागे धावायचे, दम लागला की थांबून "प्रगती समाधानकारक" म्हणायचे. मला शिकायला आठवडा लागला. सोमवारी मी सायकलवरून कामावर गेले.